सॅल्मनचा अँटीव्हायरस

हॉस्टेलमध्ये एकाचे डोळे आले की आठवड्यात अख्खी विंग काळे चष्मे लावून मेसमध्ये! मत्स्यशेतीच्या टाकीतही असंच होतं, फक्त तिथे पिल्लं मरतात. नॉर्वे-स्कॉटलंडच्या सॅल्मनला स्वादुपिंड सडवणाऱ्या आयपीएन या विषाणूजन्य रोगाने असंच छळलं.

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन सोडते. त्यामुळे शेजारच्या पेशींतले एमएक्ससारखे जीन्स (कॉन्व्हेंटवाल्या मला ‘जनुक’पेक्षा हाच शब्द जवळचा) चालू होतात आणि विषाणूला स्वतःच्या कॉपी काढणं जड जातं. सिस्टीम झकास, पण अलार्म वाजेपर्यंत चोर घरात आलेला असतो.

2008-09 च्या सुमारास दोन्ही देशांतल्या संशोधकांना दिसलं, की कोणतं पिल्लू तगणार हे मुख्यतः 26 व्या गुणसूत्राच्या एका भागावर ठरतं. 2015 मध्ये तिथला कॅडहेरिनचा जीन पुढे आला. विषाणू त्याच्याच प्रथिनाला धरून आत घुसतो म्हणे. 2021 मध्ये एडिंबराच्या गटाने एनएई1 या दुसऱ्याच जीनकडे बोट दाखवलं. ब्रीडर लोक मात्र या निकालासाठी थांबले नव्हते. डीएनए टेस्ट करून त्यांनी तगणारेच नर-मादी निवडले. नॉर्वेत 2009 मध्ये दोनशेच्या वर गेलेले उद्रेक काही वर्षांत पन्नासच्या आत आले.

तरी एकाच जागेवर सगळी भिस्त मला धोक्याची वाटते, कारण या निवडक सॅल्मनलाही आजारी पाडणारा, बदललेला विषाणू नॉर्वेत सापडला आहे.