अन्वयार्थाच्या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्यास



कुराणाच्या आधुनिक अन्वयार्थाचा अभ्यास हाती घेणाऱ्या मंगरुळपीरच्या विद्यार्थ्याने आरंभीच ध्यानात घ्यावे की, या विषयातील एक मोठे विद्वान याच महाराष्ट्रात, १८९९ साली माथेरानला जन्मले. आसफ अली असगर फैजी हे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’ या ग्रंथात त्यांनी श्रद्धा व कायदा यांची फारकत करावी आणि कुराण इतिहासाच्या प्रकाशात नव्याने वाचावे, असे प्रतिपादन केले.

या पद्धतीची कसोटी एका उदाहरणात पाहावी. ‘अन्-निसा’ या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, तिसऱ्या आयतीत चार विवाहांपर्यंत मुभा आहे. परंतु ती अनाथांच्या हक्कांच्या संदर्भात आली असून, न्यायाने वागता येणार नसेल तर एकच पत्नी करावी, अशी अट तिला जोडलेली आहे. त्याच सूरेची १२९वी आयत सांगते की, कितीही इच्छा असली तरी पत्नींमध्ये समन्याय राखणे पुरुषांना साधणार नाही. या दोहोंच्या एकत्रित वाचनाचा आधार घेत मुस्लिमबहुल ट्युनिशियाने १९५६ साली बहुपत्नीत्वावर बंदी घातली. यावर परंपरेतील तफसीरकारांचे, म्हणजे कुराणाच्या विवरणकारांचे, उत्तर असे की, पहिली आयत निर्वाह आणि वागणुकीविषयी बोलते, तर दुसरी मनाच्या ओढीविषयी. आणि एकीकडे पुरते झुकू नये, असे ही दुसरी आयत पुढे बजावते, हे पाहता हे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

तरीही पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान यांची वाट अधिक पटणारी आहे: आधी आयतीच्या काळात जाऊन तिच्यामागील नैतिक हेतू शोधावा, मग तो हेतू घेऊन आजच्या परिस्थितीकडे परतावे. अशा मतांसाठी रहमान यांना १९६८ साली पाकिस्तान सोडावा लागला, तर इजिप्तमध्ये कुराणाचे अभ्यासक नस्र अबू झैद यांना १९९५ साली न्यायालयाने धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाहच रद्द केला. महाराष्ट्रातील मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई यांनी पुनर्व्याख्येपेक्षा समान नागरी कायद्यावर भर दिला. परंतु भारतातही धर्मग्रंथाचे वाचन टळत नाही, कारण २०१७ साली तिहेरी तलाक नाकारताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी तो कुराणाशी विसंगत असल्याचाच आधार घेतला.

म्हणून विद्यार्थ्याने आधी अरबी शिकावी, जुन्या तफसिरी मुळातून वाचाव्यात, आणि सुटीत गावी आल्यावर आपले नवे मत प्रथम मदरशातील उस्तादांसमोर, अदबीने पण न कचरता, मांडावे.