चौक मोकळा, माणसे मात्र कडेने!

समजा एक चौरस मैदान आहे. त्याची प्रत्येक बाजू 100 मीटर. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कडेकडेने गेलात तर 200 मीटर चालावे लागेल. कर्णावरून गेलात तर, पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार, फक्त 141 मीटर. मग घाईत असलेला माणूस कडेने कशाला जाईल?

लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात मात्र नेमके हेच घडत होते. हा चौक 1844 साली लोकांसाठी खुला झाला. दक्षिणेस सुमारे 52 मीटर उंचीचा नेल्सन स्तंभ, उत्तरेस 'नॅशनल गॅलरी' हे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय. पुढे मोटारी आल्या आणि चौकाभोवतीचे रस्ते वाहनांनी भरून गेले. चौक म्हणजे रहदारीतले बेटच झाले! संग्रहालयातून चौकात यायचे तरी मध्ये वाहता रस्ता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चौकाची फेररचना करायचे ठरले, तेव्हा लंडन विद्यापीठातील प्राध्यापक बिल हिलियर यांच्या चमूने आधी साधे निरीक्षण केले. कोठून किती माणसे जातात ते मोजले, त्यांच्या वाटा नकाशावर रेखाटल्या. तेव्हा दिसले की पर्यटक चौकाच्या मध्यात येतात, पण रोजचे लंडनकर तो टाळून कडेने निघून जातात.

याला केवळ वाहनेच कारण नव्हती. चौक उत्तरेच्या रस्त्यापेक्षा खोलगट आहे. मध्ये दगडी भिंत, आणि उतरायला जिने होते ते दोन्ही टोकांना. त्यामुळे पलीकडे जाणारी वाट सरळ नजरेत येत नसे. माणूस चालतो तो बहुधा दिसणाऱ्या वाटेने. अंतर तो पायांनी मोजतो खरे, पण वाट निवडतो डोळ्यांनी.

वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने केलेली नवी रचना 2003 साली पूर्ण झाली. उत्तरेचा रस्ता वाहनांना बंद केला आणि जुन्या भिंतीच्या मधोमध रुंद जिना बांधला. ऐतिहासिक भिंत फोडणे कोणालाही खटकेल. पण संग्रहालयाच्या दारातून थेट चौकात उतरणारी वाट डोळ्यांसमोर आली, आणि लोक मधून चालू लागले. काही जण तर त्या पायऱ्यांवरच बसू लागले!

येथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. रस्ता बंद झाला आणि जिनाही झाला. मग गर्दी वाढली ती कशामुळे? प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. शहरात तशी सोय क्वचितच मिळते. शिवाय उरलेल्या तीन बाजूंनी वाहने आजही धावतात. एका बाजूची मोटार दुसऱ्या बाजूला वळवली, एवढेच पुष्कळदा होते, हे विसरू नये.

आता तुमच्या गावातील एखादा चौक निवडा. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून किंवा सज्जातून, शिक्षकांसह, पंधरा मिनिटे पाहा. कागदावर चौकाचा आराखडा काढून प्रत्येक पादचाऱ्याची वाट पेन्सिलीने दाखवा. सकाळी दहाला एकदा आणि सायंकाळी पाचला एकदा. पंधरा मिनिटांच्या आकड्याला चारने गुणून तासाचा अंदाज काढता येईल. दिवसाचा मात्र काढू नका. नंतर, जेथे पुष्कळ रेषा अकारण वळसा घेतात, तेथे रस्त्याच्या कडेला स्वतः उभे राहा आणि पाहा: पुढची वाट दिसते का? नसेल तर आड काय येते? हातगाडी, फलक, उभ्या केलेल्या मोटारी, की नुसता उंच कठडा?