काजू बी विकण्यापूर्वी : मोबाइलवरून बाजाराची माहिती कशी मिळवावी?

मालवण तालुक्यातील एका बागायतदाराने ऐन हंगामात दारी आलेल्या काजू व्यापाऱ्यास परत पाठविले. व्यापाऱ्याने सांगितलेल्या दराच्या कितीतरी पट दर त्यांस मोबाइलवर दिसला होता. परंतु तो दर काजूगराचा होता, काजू बीचा नव्हे. ही गोष्ट ध्यानी येईपर्यंत मृग लागला, पडवीतील पोत्यांना ओल आली आणि तीच बी पूर्वीपेक्षा कमी दराने द्यावी लागली. त्यांस मिळालेली माहिती खोटी नव्हती. ती शोधण्याची व वाचण्याची रीत मात्र चुकली होती. ही रीत शिकण्यास अवघड नाही. तिचे टप्पे पुढे दिले आहेत.

१. आधी प्रश्न कागदावर लिहावा

मोबाइल हाती घेण्यापूर्वी आपणांस कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, ते ठरवावे. ‘काजूचा भाव काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘माझ्याकडे वाळविलेली ५ क्विंटल काजू बी आहे, ती या आठवड्यात गावात द्यावी, की बाहेरच्या कारखान्यास पाठवावी?’ हा प्रश्न पुरा आहे. असा प्रश्न लिहिला, म्हणजे बीचा दर, वाहतुकीचा खर्च, पैसे मिळण्याची मुदत आणि खरेदीदाराची पत या चार गोष्टी शोधावयाच्या आहेत, हे आपोआप स्पष्ट होते. शोधतानाही नुसते ‘काजू’ न लिहिता ‘काजू बी दर’ असे लिहून पुढे महिना व वर्ष घालावे.

२. कोणती माहिती कोठे पाहावी

बाजार समित्यांतील आवक व दर महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’वर देशभरातील बाजारांचे दर पाहता येतात. काजूच्या जाती व लागवडीविषयी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ले येथील प्रादेशिक फळ संशोधन केंद्र यांची माहिती विश्वसनीय होय. संकेतस्थळ वाचणे जमत नसल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारणा करता येते.

तथापि एक गोष्ट विसरू नये. आपल्या जिल्ह्यात पुष्कळशी काजू बी व्यापारी व कारखानदार शेतकऱ्यांकडून परस्पर विकत घेतात. असे व्यवहार बाजार समितीच्या तक्त्यात दिसत नाहीत. यास्तव संकेतस्थळ पाहिल्यावर निदान तीन खरेदीदारांस त्याच दिवशी दूरध्वनी करून दर विचारावा. शोध घेताना सर्वांत वर येणारी उत्तरे पुष्कळदा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, हेही ध्यानी ठेवावे.

३. दर कसा वाचावा

दर दिसताच चार गोष्टी तपासाव्या : तारीख, परिमाण, प्रत आणि ठिकाण. बाजार समितीचा दर सामान्यतः क्विंटलचा असतो, तर गावातील व्यापारी किलोचा दर सांगतो. तक्त्यात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर असतात. कमाल दर थोड्याशा उत्तम मालास मिळालेला असू शकतो, म्हणून हिशेबासाठी सर्वसाधारण दर धरावा. गर आणि बी यांत तर गल्लत करूच नये, कारण १०० किलो बीपासून साधारणतः २५ ते ३० किलोच गर निघतो.

आपला हंगाम फेब्रुवारी ते मे असा चालतो. त्याच सुमारास आयव्हरी कोस्ट व पश्चिम आफ्रिकेतील इतर देशांची बीही बाजारात येऊ लागते, आणि भारतातील कारखाने ती आयात करतात. म्हणून तेथील पिकाच्या बातम्यांचा आपल्या दरावर परिणाम होतो. त्या बातम्यांत गराचा उतारा ८० किलोच्या पोत्यामागे पौंडांत देतात. ४८ पौंड उतारा म्हणजे सुमारे २१.८ किलो गर, अर्थात शेकडा २७ होय.

४. हाती पडणारी रक्कम काढावी

समजा, गावातील व्यापारी दारात रोख १२० रुपये किलो देतो आणि बाहेरचा कारखानदार १३० रुपये देऊ करतो. ५ क्विंटलचे गावात ६०,००० रुपये होतात. कारखान्यात ओलाव्यापोटी शेकडा ३ घट धरली, तर ४८५ किलोचे ६३,०५० रुपये होतात. त्यातून वाहतूक, पोती व हमाली मिळून किलोमागे ६ रुपये, म्हणजे ३,००० रुपये वजा जाता ६०,०५० रुपये उरतात. दर १० रुपयांनी चढा दिसला, परंतु प्रत्यक्ष लाभ अवघा ५० रुपयांचा! तोही पैसे १५ दिवसांनी मिळणार असतील, तर पीककर्जाचा हप्ता देणाऱ्याने कोणता मार्ग धरावा, हे निराळे सांगावयास नको. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून हिशेब करावा.

५. खरेदीदाराची शहानिशा

अनोळखी खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक मागून घ्यावा. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो घातला असता नोंदणी कोणाच्या नावे आहे व ती चालू आहे किंवा नाही, हे कळते. नोंदणी शुल्क किंवा अनामत आधी मागणाऱ्यास माल देऊ नये. पैसे स्वीकारण्यासाठी मोबाइलवर गुप्त क्रमांक कधीही घालावा लागत नाही. तो मागणारा ठकच समजावा. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हंगामात दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर काजू बीचा दर लिहावा. त्यासोबत तारीख, परिमाण, बाजाराचे नाव व माहिती कोठून घेतली हेही अवश्य लिहावे. जुना दर पुसून टाकावा, मात्र वहीत त्याची नोंद ठेवावी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी जमल्या, म्हणजे आपल्या गावात दर केव्हा चढतो व केव्हा उतरतो, हे त्या वहीवरूनच कळू लागेल. ज्या बागायतदारांपाशी मोबाइल नाही, त्यांस ती वही वाचून दाखवावी. पावसापूर्वी बी विकण्याचा निर्णय त्यांसही घ्यावयाचा असतो.