नवाने भाग गेला तर

काका बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सांगलीच्या घरात अजून दर महिन्याला विजेचं बिल, दूध, पेपर यांचा जमाखर्च हाताने मांडतात आणि एक रुपया जुळला नाही तर जेवत नाहीत. मी गेले होते त्यांचा सल्ला घ्यायला. मिळालं ते जरा वेगळंच.

मी : काका, जानेवारीपासून आमच्या कंपनीचं सगळं गोदाम संगणकावर जातंय. प्रत्येक खोक्याला बारकोड. आणि लोकांना या बदलासाठी तयार करायचं काम माझ्याकडे आलंय.

काका : तयार करायचं म्हणजे? लोणचं घालायचंय का त्यांचं?

मी : पद्धत असते त्याला. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या आहेत. १९९६ सालचं पुस्तक आहे. पहिली पायरी, लोकांमध्ये निकड निर्माण करा. मग बरोबरची माणसं जमवा, चित्र डोळ्यांसमोर उभं करा, अडथळे काढा, लवकर दिसतील असे छोटे विजय...

काका : पुरे. वाईट काही नाही त्यात. पण ‘निकड निर्माण करा’ हे वाचून साहेब लोक काय करतात ठाऊक आहे? कंपनी बुडणार म्हणून सांगतात. दोन वर्षांनी पुन्हा तेच सांगतात. तिसऱ्यांदा कोण ऐकतंय?

मी : मग तुम्ही काय केलंत? तुमच्याकडे संगणक आला तेव्हा तुम्हीच शाखाधिकारी होतात ना?

काका : त्याच्या आधी मी काय होतो ते विचार. काळी फीत लावून संगणकाविरुद्ध घोषणा देणारा क्लार्क होतो! तुम्हाला गंमत वाटते. साठच्या दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी इलॅको हाउस नावाच्या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला होता. रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या शाखांमध्ये यंत्रं आणायची शिफारस केली, आणि आमच्या युनियनने तेच वर्ष संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळलं.

मी : म्हणजे प्रगतीला विरोध.

काका : बघ, लगेच शिक्का मारलास. यंत्र आलं की माणसं कमी होणार, हा अडाणीपणा होता का? नवी भरती आटलीच की पुढे. युनियन होती म्हणून निदान टेबलावर बसून बोलणं झालं. १९८३ला करार, ८७ला करार, ९३ला करार. किती शाखांत यंत्र, कुणाला भत्ता, सगळं लिहून. तुझ्या गोदामात कुणाशी करार केलाय?

मी : एक पत्रक काढलंय.

काका : पत्रक! आणि परवा मी माझ्याच जुन्या शाखेत गेलो, तर तो पोरगा मला म्हणतो, आजोबा, सर्व्हर डाउन आहे, उद्या या. ज्या खुर्चीत मी अकरा वर्षं बसलो, तिच्यासमोर उभं राहून केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली मी. तीही दोनदा, पहिली हरवली म्हणून. खातं ओळखणारा माणूस नाही राहिला गं एकही.

मी : काका, गोदाम.

काका : येतोय. आमच्याकडे एक हेडक्लार्क होते, तात्या म्हणायचो. जून आणि डिसेंबरची व्याजआकारणी हाताने व्हायची. बचत खात्यावर दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरायची, त्यावर व्याज. हजारो खाती. मग बॅलन्सिंग. रात्रीचे अकरा वाजलेत, बाहेर हळदीच्या गाड्या लागल्यात, आणि लेजरांची बेरीज मुख्य खात्याशी जुळत नाही. फरक ६३ रुपये. सगळे रडकुंडीला. तात्या पंख्याखाली बसून विचारायचे, “नवाने भाग जातो का?” जातो. “मग आकडा उलटा पडलाय. त्रेसष्टला नवाने भागलं की सात. म्हणजे ज्या दोन आकड्यांत सातचा फरक आहे, तेवढ्याच नोंदी बघा. १८च्या जागी ८१ किंवा २९च्या जागी ९२.” वीस मिनिटांत सापडायचं. भाग गेला नाही, तर फरक निम्मा करून बघायचे, एखादी रक्कम नावेऐवजी जमेला पडलीय का म्हणून. अख्खी शाखा त्यांच्याकडे बघत राहायची.

मी : आणि संगणकाची टॅली चुकतच नाही.

काका : चुकत नाही. म्हणजे त्या माणसाची चाळीस वर्षांची विद्या एका सोमवारी शून्यावर आली. वर मी काय शहाणपणा केला? सगळ्यांना एकत्र शिकवणी. दोन वर्षं नोकरी झालेला मुलगा काउंटरवर, ग्राहकांसमोर सांगतोय, “तात्या, एंटर दाबा. ते नाही हो, ते मोठं.” दुसऱ्या दिवशी तात्या रजेवर. मी वरती कळवलं, ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा बदलाला विरोध.

मी : विरोध नव्हता?

काका : यंत्राला नव्हता. पुढे पुण्याला एका प्रशिक्षणात विल्यम ब्रिजेस या अमेरिकनाचं म्हणणं ऐकलं. मूळचा साहित्याचा प्राध्यापक तो, म्हणून असेल. तो म्हणतो, बदलाची सुरुवात कशाचा तरी शेवट होण्याने होते. मग मधला अधांतरी काळ, नवी सुरुवात सगळ्यात शेवटी. आपण मात्र नारळ फोडून सुरुवातच साजरी करतो. कुणाचं काय संपलं, ते विचारतच नाही.

मी : मग तात्यांचं काय केलंत?

काका : लेजरातल्या सगळ्या शिलका संगणकात चढवायच्या होत्या. त्या तपासायचं काम तात्यांना दिलं. तीन महिने लेजरही आणि संगणकही, दुहेरी काम. लोकांनी शिव्या घातल्या. पण तात्या लाल पेन्सिल घेऊन छापील कागद आणि लेजर ताडून बघायचे. नव्या चुका पकडल्या, लेजरातल्या जुन्याही पकडल्या. आणि संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून, कुणी नसताना, कीबोर्डवर हात बसवायचे. शिकवायला तोच मुलगा. तेव्हा मात्र त्याचं ऐकायचे.

मी : तीन महिन्यांनी तपासायचं काम संपलं असेल.

काका : संपलंच. मग ग्राहकांची गर्दी कमी झाली, पासबुक छापून...

मी : ते काम तीन महिन्यांचंच आहे, हे तात्यांना माहीत होतं?

काका : तू एकाच ठिकाणी अडून बसतेस. भत्त्यावरून ज्येष्ठतेची भांडणं झाली, ती कशी मिटवली ते विचार. त्यात शिकण्यासारखं आहे.

मी : विचारीन. पण त्यांना सांगितलं होतंत?

काका : नाही.

मी : म्हणजे मान दिल्यासारखं केलंत आणि काम काढून घेतलंत.

काका : मान खराच होता. त्यांच्याइतकं ते कुणालाच जमलं नसतं. पण पुढचं बोललो नाही, हेही खरं. २००१ साली स्वेच्छानिवृत्ती आली. देशभरात लाखाहून जास्त बँकवाले बाहेर पडले, त्यात तात्याही. अर्ज घेऊन केबिनमध्ये आले, म्हणाले, “साहेब, ती तपासणी संपली तेव्हाच अर्ज द्यायचा होता. तेव्हा फॉर्म नव्हता.”

मी : आधी सांगितलं असतं, तर त्यांनी ते तीन महिने तेवढ्याच मनापासून काम केलं असतं?

काका : तेच कळत नव्हतं. म्हणून तर नाही सांगितलं. शाखा चालवायची होती मला.

मी : आमच्याकडे एकजण आहेत. कुठल्या रॅकवर काय आहे, डोळे मिटून सांगतात. मालही त्यांनीच लावायचा, शोधायचाही त्यांनीच. बारकोड आला की...

काका : वय?

मी : बावन्न.

काका : मग सहा वर्षं आहेत अजून त्याची. पुढे त्याला काय काम देणार, ते तुझ्या साहेबांकडून लिहून घे आधी. आणि मग बोल. मीटिंगमध्ये नको, त्या पडद्यावरच्या चित्रांसमोर तर नकोच. त्याच्या रॅकपाशी जा.

मी : आणि साहेबांनी लिहून दिलं नाही तर?

काका : तर तेही सांग त्याला. मला जमलं नव्हतं. चहा टाकतेस का?