गैरहजेरीचा हिशेब
(दुखापत आणि खेळाडूचे श्रेष्ठत्व : एक विचार)

– द्वितीय वर्ष, कला

क्रिकेटविषयी कोठेही वाद सुरू झाला की तो शेवटी एकाच प्रश्नावर येतो : सर्वांत मोठा खेळाडू कोण? मग आकडे पुढे येतात. एकाच्या धावा, दुसऱ्याची सरासरी, तिसऱ्याची शतके. या वादात एक गोष्ट बहुधा सुटते. आकडे असतात ते खेळलेल्या सामन्यांचे. न खेळलेल्या सामन्यांचे आकडे कोणत्याच पुस्तकात नसतात. खेळाडू दुखापतीने किंवा आजाराने मैदानाबाहेर बसला, तर त्या काळाचा हिशेब कसा मांडावा? ते दिवस वजा करावेत, माफ करावेत, की 'खेळला असता तर' असे म्हणून जमेस धरावेत? काही भारतीय खेळाडूंच्या उदाहरणांवरून या प्रश्नाचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

श्रेष्ठत्वाची तीन मापे

श्रेष्ठत्व मोजताना आपण नकळत तीन मापे वापरतो. पहिले उंचीचे : ऐन भरात असताना हा खेळाडू किती वर गेला? दुसरे सातत्याचे : वारंवार तसाच खेळला काय? तिसरे टिकावाचे : किती वर्षे उभा राहिला? दुखापत सरळ घाव घालते तो तिसऱ्या मापावर. गाठलेली उंची ती कमी करू शकत नाही. इतके म्हटले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु उदाहरणे पाहू लागलो की तो पुन्हा गुंततो.

दोन विजय

विजय मर्चंट आणि विजय हजारे हे समकालीन फलंदाज. मर्चंट मुंबईचे, हजारे जन्माने सांगलीचे. मर्चंट १० कसोटी सामने खेळले, सरासरी ४७.७२. हजारे ३० कसोटी खेळले, सरासरी ४७.६५. सरासरीपुरते पाहिले तर दोघांत फरक नाही म्हटले तरी चालेल. सामने मात्र तिप्पट!

मर्चंट पहिली कसोटी खेळले १९३३ साली आणि शेवटची १९५१ साली. अठरा वर्षांत दहाच सामने कसे? येथे सावधपणे पाहिले पाहिजे, कारण सगळा दोष प्रकृतीच्या माथी मारता येत नाही. १९३६ च्या उन्हाळ्यानंतर १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. ती दहा वर्षे मुख्यतः महायुद्धाने खाल्ली आणि ती हजारे यांचीही गेली. प्रकृतीने नेले ते त्यापुढचे. १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा आणि १९४८-४९ ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका, दोन्हींत पाच-पाच कसोटी झाल्या आणि प्रकृतीच्या कारणाने मर्चंट दोन्हींत नव्हते. म्हणजे ते जितक्या कसोटी खेळले, बरोबर तितक्याच त्यांच्या हातून गेल्या. १९५१ च्या नोव्हेंबरात ते दिल्लीला इंग्लंडविरुद्ध उतरले तेव्हा वयाची चाळिशी पुरी झाली होती. त्यांनी १५४ धावा केल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ आहे. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्या वर फक्त ब्रॅडमन. तेव्हा उंचीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मर्चंट यांचे चाहते म्हणतात, ते ऑस्ट्रेलियाला गेले असते तर तेथेही शतके ठोकली असती. असेलही. पण त्या दौऱ्यात लिंडवॉल आणि मिलर यांच्या माऱ्यापुढे प्रत्यक्ष उभे राहिले ते हजारे. ॲडलेडच्या कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतके केली : ११६ आणि १४५. ही कसोटी, शब्दशः कसोटी, मर्चंट यांच्या वाट्याला आलीच नाही.

येथे लक्षात येते की गैरहजेरीला दोन धारा आहेत. ती धावा हिरावते, तशीच अपयशही टाळते. जो खेळला नाही, तो बादही झाला नाही. म्हणून केवळ सरासरी पाहणाऱ्याने जपून बोलावे.

उम्रीगर : हजेरीचे मोल

याच मुद्द्यासाठी पॉली उम्रीगर यांचे उदाहरण घेतो. त्यांचे बालपण आपल्या सोलापुरात गेले आणि शाळकरी वयात कुटुंब मुंबईला गेले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावरील कसोटींत फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे त्यांची दैना झाली. सात डावांत अवघ्या ४३ धावा. एखादी दुखापत होऊन ते त्या मालिकेबाहेर राहिले असते, तर त्यांची सरासरी आज अधिक चांगली दिसली असती! पण ते मैदानात होते, म्हणून ते अपयश त्यांच्या नावावर कायमचे लागले. त्याचबरोबर ते मैदानात होते, म्हणूनच त्याची भरपाईही करता आली. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी मालिकेत ५६० धावा केल्या. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५९ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये मँचेस्टरला त्यांनी ११८ धावा काढल्या. १९६२ साली निवृत्त झाले तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक कसोटी (५९), सर्वाधिक धावा (३,६३१) आणि सर्वाधिक शतके (१२) त्यांच्या नावावर होती.

हे आकडे नुसत्या हजेरीचे आहेत असे म्हणून नाक मुरडणारे असतात. माझ्या मते ही हजेरीच गुण आहे. पडल्यावर पुन्हा त्याच जागी उभे राहून परीक्षा देणे, हे उंचीइतकेच अवघड.

एकाच दौऱ्यातील दोन जखमा

उम्रीगर यांचा शेवटचा दौरा म्हणजे १९६२ चा वेस्ट इंडीज दौरा. भारत पाचही कसोटी हरला. संघाचे कर्णधार होते नरी कॉन्ट्रॅक्टर. बरगडी मोडली असताना १९५९ साली लॉर्ड्सवर ८१ धावा करणारा हा सलामीचा फलंदाज. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला आणि कवटी फुटली. प्राण वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्त दिले. वय अवघे अठ्ठावीस. पुढे ते प्रथम श्रेणीचे सामने खेळले. कसोटी संघात मात्र परतले नाहीत. ३१ कसोटी, १,६११ धावा, एक शतक. खाते तेथेच बंद.

त्यांच्या जागी एकवीस वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी कर्णधार झाले. पतौडींना १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघात झाला होता आणि उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांची पहिली कसोटी त्यानंतरची. म्हणजे त्यांच्या ४६ कसोटी, २,७९३ धावा आणि ६ शतके हे सर्व अपघातानंतरचे आहे. सरासरी ३४.९१. नुसता आकडा पाहिला तर मध्यम. परंतु एका डोळ्याने चेंडूचे अंतर अजमावून काढलेल्या त्या धावा आहेत, हे कळले की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो.

तेव्हा सर्व दुखापती एका मापाच्या नाहीत. काही कारकिर्दीच्या मधली पाने फाडतात, काही वहीच मिटतात, तर काही पहिल्या पानावरच येऊन बसतात.

'शरीर टिकवणे हीही कला'

यावर एक आक्षेप येईल. शरीर टिकवणे हाही खेळाडूच्या कौशल्याचाच भाग नव्हे काय? काही अंशी आहे. व्यायाम, शिस्त, खेळण्याच्या पद्धतीत बदल यांना मोल आहेच. पण कॉन्ट्रॅक्टर यांच्या वेळी हेल्मेट नव्हते. तो त्यांचा आळस म्हणायचा काय? सचिन तेंडुलकरचा कोपर २००४ मध्ये दुखावला, २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तो परतला आणि २०१३ मध्ये २०० कसोटी पूर्ण करून थांबला. त्यात त्याची जिद्द आहे, तसे आधुनिक वैद्यकही आहे. अमेरिकेत बेसबॉलचा सँडी कूफॅक्स कोपराच्या संधिवाताने १९६६ साली, तिसाव्या वर्षीच, ऐन यशात निवृत्त झाला. तरी १९७२ मध्ये तेथील कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. कमी वर्षे म्हणून त्याला दाराबाहेर ठेवले नाही.

हा प्रश्न केवळ मैदानाचा नाही. आमच्या घरातली माणसे यंत्रमागावर काम करतात. तेथे मजुरी कापडावर मिळते. हात दुखावला, माग थांबला की आठवड्याचा पगार थांबतो. पगाराच्या वहीत त्या आठवड्यापुढे काही लिहिलेले नसते. त्यामुळे मालकाला वाटेल की माणसाने काम केले नाही. खरे तर वहीला एवढेच ठाऊक असते की कापड निघाले नाही. 'कापड निघाले नाही' आणि 'कारागीर कमी प्रतीचा आहे' ही दोन वाक्ये वेगळी आहेत. खेळाच्या वादात आपण ती नेहमी एक करतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी मांडाव्याशा वाटतात. एक : दुखापतीने गेलेला काळ खेळाडूच्या नावे उणा धरू नये. दोन : तो जमेसही धरू नये, न काढलेल्या धावा कोणालाही बहाल करता येत नाहीत, कारण त्याच न्यायाने न झालेली अपयशेही मोजावी लागतील. तीन : जे घडले ते कोणत्या शरीराने आणि कोणत्या काळात घडले, हे आकड्याशेजारी लिहावे.

या न्यायाने, कसोटी फलंदाज म्हणून मी हजारे यांना मर्चंट यांच्या वर ठेवतो. मर्चंट कमी होते म्हणून नव्हे, तर हजारे यांची परीक्षा अधिक झाली म्हणून. फलंदाजीच्या उंचीचा प्रश्न असेल तेथे मर्चंट यांचे नाव पहिल्या ओळीतून काढता येणार नाही. उम्रीगर आपले म्हणून त्यांना या दोघांच्या वर बसवण्याचा मोह मी आवरतो. पण टिकावाच्या मापावर त्यांच्या पिढीत त्यांच्यापुढे कोणी नाही, असे निःशंकपणे म्हणतो. आणि कॉन्ट्रॅक्टर यांना या तुलनेत ओढूच नये. त्यांचा हिशेब अपुरा राहिला आहे, आणि अपुऱ्या हिशेबाखाली बेरीज लिहू नये हेच बरे.