खूण कशाची करायची?

चि. मनूस,


तू केलेलं पान पाहिलं. सुरेख दिसतंय. मग त्याचा सोर्स उघडला आणि थबकलो. मथळे तू साध्या परिच्छेदातच लिहिलेस आणि अक्षर मोठं, जाड केलंस. आपल्या डोळ्यांना तो मथळा. ब्राउझरच्या लेखी मात्र आणखी एक परिच्छेद. अंध वाचक स्क्रीन रीडरवर 'एच'ची कळ दाबत एका मथळ्यावरून पुढच्यावर जातो. तुझ्या पानावर त्याला एकही मथळा सापडणार नाही. तिथे 'एच-टू'चा टॅग हवा. तो जाड दिसावा की निळा, ते सीएसएसमध्ये नंतर ठरव.

मी प्रुफं तपासण्यात आयुष्य काढलं. हस्तलिखिताच्या समासात 'मथळा, २४ पॉइंट, मध्यभागी' असं लिहून कागद कंपोझिटरकडे द्यायचो. इंग्रजी छापखान्यांत याच कामाला मार्कअप म्हणत. तुम्हा वेबवाल्यांचा शब्द तिथला. पण त्या खुणा दिसण्याच्या होत्या. १९६९ साली आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लोरी या तिघांनी कायद्याच्या कागदपत्रांवर काम करताना वेगळी वाट धरली: मजकूर कसा छापायचा ते नको, तो काय आहे ते लिहा. त्या पद्धतीचं नाव जीएमएल, म्हणजे तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. त्यातूनच १९८६ चं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. टिम बर्नर्स-ली यांचं एचटीएमएल त्याच वळणाचं, आणि १९९८ चं एक्सएमएल हे एसजीएमएलचंच आटोपशीर रूप. वर्डच्या एखाद्या डॉक-एक्स फाइलची प्रत काढ, नावाच्या शेवटी 'झिप' लाव आणि उघडून बघ. आत एक्सएमएलच भरलेलं दिसेल.

कसं दिसतं ते नव्हे, काय आहे ते लिहायचं, हे मी उशिरा शिकलो. एका पुस्तकाच्या तळटीपा मी नुसत्या बारीक अक्षरात पानाखाली बसवल्या होत्या. छापील प्रत उत्तम झाली. ई-बुक करायची वेळ आली तेव्हा कुठली टीप कुठल्या वाक्याची, हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. सगळ्या टीपा हाताने पुन्हा जोडाव्या लागल्या.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पानाच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा 'ईएन' राहिली आहे. नमुना उचललास तशीच. ती 'एमआर' कर. त्या दोन अक्षरांवरून स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. काही फाँटांत तर तेवढ्यावरून अक्षरंही बदलतात: हिंदी वळणाऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. २००९ च्या शासन निर्णयाने हीच वळणं ठरवून दिली आहेत. आपली भाषा आपणच इंग्रजी म्हणून नोंदवायची, हे मला बघवत नाही.

दुरुस्त करून पुन्हा पाठव. या खेपेस मी डोळे मिटून, नुसतं ऐकून वाचणार आहे.

तुझा,
काका