हेड न उतरवता व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलणे

एक-दोन ट्रकवर संसार चालवणाऱ्या मालकाची गाडी उभी राहिली की भाडे बुडते, पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी ‘हेड खोलावे लागेल’ हे शब्द कानी पडले की पोटात गोळा येतो. बिघाड फक्त व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा असेल, तर मात्र हेड जागेवर ठेवूनही काम होते. थोडीफार फिटिंग येणाऱ्याला ते घरच्या अंगणातही करता येईल. अट एकच : घाई करू नये.

उदाहरणासाठी कमिन्सचे सहा सिलिंडरचे, ५.९ लिटरचे ‘६ बीटी’ इंजिन घेऊ. टाटा आणि कमिन्स यांच्या १९९३ साली स्थापन झालेल्या संयुक्त कंपनीने ते जमशेदपूरला बनवले व टाटाच्या अनेक ट्रकांवर ते बसले. यात दर सिलिंडरला एक इनलेट व एक एक्झॉस्ट, असे बारा व्हॉल्व्ह असतात आणि प्रत्येकाला एकच स्प्रिंग असते.

स्प्रिंग का बदलायची?

कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. तो बंद करते स्प्रिंग. स्प्रिंग थकली की जास्त फेऱ्यांवर व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही. घाट उतरताना खालच्या गियरमध्ये इंजिन मर्यादेबाहेर फिरले, तर उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हला पिस्टन धडकतो आणि पुशरॉड किंवा व्हॉल्व्ह वाकतो. एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत कोंडलेला धूर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला उघडायला पाहतो, म्हणून तिथे स्प्रिंग दमदारच हवी.

टिकटिक आवाज, एक सिलिंडर मिस होणे, टॅपेटची फट एकाएकी बदलणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. झाकण काढून स्प्रिंगचा वेढा तुटला आहे का ते पाहावे. एक तुटली असेल तर बाकीच्याही तितक्याच चाललेल्या असतात. म्हणून पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे.

कामाचे मर्म

स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला धरून ठेवणारे काही उरत नाही. तो सिलिंडरमध्ये पडला तर हेड उतरवावेच लागते. म्हणून त्या सिलिंडरचा पिस्टन अगदी टॉपवर आणावा. मग व्हॉल्व्ह किंचित खाली येऊन पिस्टनवर टेकतो. या इंजिनात १ व ६, २ व ५, ३ व ४ हे पिस्टन जोडीने टॉपवर येतात. त्यामुळे इंजिन तीनदा थांबवले की बाराही स्प्रिंगा होतात.

कृती

१) इंजिन पूर्ण थंड असावे. चाकांना अटकाव लावावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, बॅटरीची तार काढावी.

२) इंजिन हाताने फिरवून एक नंबर टॉपवर आणावा. टायमिंग पिन वापरली असेल तर ती लगेच मागे ओढावी. आत राहिल्यास इंजिन फिरवताना तुटते. पुलीवर १२०-१२० अंशांच्या तीन खुणा कराव्यात.

३) जोडीतील दोन्ही सिलिंडरचे टॅपेट स्क्रू सैल करून रॉकर काढावेत. लक्षात ठेवा, रॉकरच्या स्टँडमधून जाणारा लांब बोल्ट हा हेडचाच बोल्ट आहे. म्हणून एका वेळी एका जोडीचेच रॉकर काढावेत, सगळे एकदम नाही.

४) पुशरॉडच्या व ऑइलच्या भोकांत स्वच्छ चिंध्या कोंबाव्यात. दर व्हॉल्व्हला कॉलेटचे दोन बारीक तुकडे असतात, म्हणजे एकूण २४. एक जरी आत पडला तरी काम वाढले.

५) कॉम्प्रेसरने स्प्रिंग थोडी दाबून पाहावी. व्हॉल्व्ह लगेच पिस्टनला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर पिस्टन टॉपवर नाही. पुढे जाऊ नये.

६) खात्री झाल्यावर स्प्रिंग दाबून चुंबकाने कॉलेट काढावेत, नवी स्प्रिंग बसवावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. कॉलेट खाचेत नीट बसले का ते पाहून मगच दाब सोडावा. कॉलेट निघालेले असताना इंजिन तसूभरही फिरवू नये.

७) रॉकर परत बसवताना हेडचा बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीच्या पुस्तकातील टप्प्यांनी आवळावा, शेवटचा टप्पा पाव फेऱ्याचा असतो. अंदाजाने आवळल्यास गॅस्केट जाते. लांबलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. मग पुढची जोडी घ्यावी.

टॅपेट सेटिंग

थंड इंजिनवर इनलेट ०.२५ मि.मी. व एक्झॉस्ट ०.५० मि.मी. फट ठेवावी. एक नंबर कॉम्प्रेशनवर टॉपला असताना १ चे दोन्ही, २ व ४ चे इनलेट आणि ३ व ५ चे एक्झॉस्ट लावावेत. इंजिन एक पूर्ण फेरा फिरवून उरलेले सहा लावावेत. सुरू करण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. कुठे अडले तर स्टार्टर मारू नये, कारण शोधावे.

कुठे थांबावे?

व्हॉल्व्हची दांडी वाकलेली दिसली, किंवा तुटलेल्या स्प्रिंगवर गाडी बरीच पळवलेली असेल, तर हे काम अंगणातले नाही. तिथे हेड उतरवून सीट व पिस्टन तपासावेच लागतात. स्प्रिंगचा खर्च वाचवण्याच्या नादात इंजिन घालवणे हा तोट्याचा सौदा आहे. आपल्याला काय येते, याइतकेच कुठे थांबायचे हेही कारागिराला कळले पाहिजे.